मागच्या डाव्या चाकाखालची फुली

आमच्या गल्लीत पाण्याची नवी वाहिनी टाकण्याचं काम नगरपालिकेने हाती घेतलं, तेव्हा सर्व आवश्यक बाबींची रीतसर पूर्तता करण्यात आली होती. खांबांवर सूचना चिकटवण्यात आल्या होत्या, जुनी वाहिनी बंद करून गल्लीचं पाणी तोडण्यात आलं होतं, रस्ता खालच्या टोकाकडून खोदत आणण्यात आला होता आणि जिथे जिथे नळजोड द्यायचे तिथे तिथे डांबरावर पिवळ्या रंगाची फुली मारण्यात आली होती. फुली मारणारा माणूस गेला आणि खोदणारी माणसं आली, एवढ्या मधल्या वेळात शेवटच्या फुलीवर एक गाडी येऊन उभी राहिली.

गाडी गडद निळी होती, जुनी होती आणि तिच्या दाराला पोचा होता. तोंड फुटपाथवर, पाठ रस्त्यात. आडवी म्हणावी तर आडवी नाही, सरळ म्हणावी तर मुळीच नाही. पुढचा दिवा एका कुंडीला टेकलेला होता आणि मागचं डावं चाक बरोब्बर फुलीवर होतं. मोजून लावायची म्हटली असती तर इतकी नेमकी लागली नसती.

ती फुली देसांकाच्या बेकरीची होती. देसांका म्हणजे आमच्या गल्लीची सकाळ. नवरा गेल्यापासून भट्टी ती एकटीच सांभाळते. तिच्याकडचा चीज भरलेला, पापुद्र्यांचा गरम बुरेक आणि सोबत पेलाभर दही पोटात गेल्याशिवाय आमच्याकडे कुणी कुणाशी भांडायलासुद्धा सुरुवात करत नाही. पण बेकरी चालते ती आमच्या बुरेकवर नाही, शाळेतल्या मुलांच्या न्याहारीच्या पावांवर. पाणी तुटलं तसे पावही थांबले. हेडमास्तरांनी तिला सभ्यपणे कळवलं की पुढच्या सोमवारपर्यंत पाव आले तर ठीक, नाहीतर ऑर्डर हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानाला जाईल. शाळा गेली की भट्टी विझवावी लागणार, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना फार वाईट वाटत होतं.

मुकादम ब्लागोये हा सरळ माणूस. त्याने गाडी पाहिली, एक शिवी दिली आणि गाड्या उचलणाऱ्याला बोलावलं. तो ट्रक घेऊन आला, खाली उतरला आणि हात न लावता गाडीभोवती फिरला.

"कुणाची आहे?"

"मला काय माहीत!" ब्लागोये म्हणाला.

"गल्लीत कुणालाच माहीत नाही?"

"कुणालाच नाही."

"मग मी नाही उचलणार."

"अरे, माहीत नाही म्हणूनच तर उचलायची ना!"

"भाऊ, माहीत असलेल्या माणसाची गाडी मी डोळे मिटून उचलतो. तो काय करू शकतो आणि काय नाही, ते मला ठाऊक असतं. ही उचलली आणि उद्या भलताच कुणी निघाला, तर माझा ट्रक कोण सोडवून आणणार? तू?"

 ट्रक रिकामा परत गेला.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्या गावात माणसाची पत त्याच्या गाडीवरून ठरत नाही, त्याने ती कशी लावली आहे त्यावरून ठरते. कारकून रेघांच्या आत लावतो. विभागप्रमुख एक चाक फुटपाथवर चढवतो. संचालक दुसऱ्याच्या फाटकापुढे लावतो आणि पक्षाचा माणूस जिथे थांबतो तिथेच उतरतो. या हिशेबाने निळी गाडी लावणारा माणूस कुठल्या पायरीवरचा असेल, याचा विचार करूनच आम्हाला दम लागला. त्यात गाडी जुनी. नवी चकचकीत असती तर कुणी उथळ माणूस मिरवतोय, असं म्हणता आलं असतं. जुन्या, पोचे पडलेल्या गाडीतून येऊन अशी लावणारा म्हणजे ज्याला आता कुणालाच काही दाखवायचं उरलेलं नाही असा माणूस.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचे इंजिनिअर ग्वोझ्देन आले. हात पाठीमागे बांधून त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, काचेतून आत पाहिलं आणि एकदम आवाज खाली आणला. गाडीत कुणीही नव्हतं.

"कधीपासून आहे?"

"कालपासून," ब्लागोयेही कुजबुजला. त्याला स्वतःचंच आश्चर्य वाटलं.

"हात कुणी लावला नाही ना?"

"नाही साहेब."

"शाब्बास."

मग इंजिनिअरसाहेबांनी आपल्या कुमाला फोन लावला. कूम म्हणजे लग्नात आपल्या शेजारी उभा राहिलेला आणि आपल्या पोराचं नाव ठेवलेला माणूस. सख्ख्या भावाला नाही म्हणता येतं, कुमाला येत नाही. त्यामुळे आमच्याकडची सगळी कामं कुमाकडून होतात. सरकार आहे ते ज्यांना कूम नाहीत त्यांच्यासाठी. ग्वोझ्देन यांचा कूम वाहतूक पोलिसात होता. त्यांनी त्याला गाडीचा नंबर सांगितला.  मग तो म्हणाला, "कूम, हे फोनवर नको."

पुढे कळलं की तो त्या वेळी रजा टाकून सासुरवाडीला गवत कापत होता आणि नंबर बघायला त्याच्यापाशी काही साधनच नव्हतं. पण 'मला माहीत नाही' असं कुमाला सांगायचं कसं? इंजिनिअरसाहेबांनी फोन खिशात ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "फोनवर नको म्हणाला," एवढंच ते बोलले. दुपारच्या कॉफीपर्यंत हे वाक्य गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचलं.

मलाही कूम आहे. मी या गावचा निवृत्त पोस्टमास्तर, आणि माझा कूम बेलग्रेडला मंत्रालयात असतो. मंत्रालयाच्या उपाहारगृहात असतो, पण असतो मंत्रालयातच. गल्लीच्या आग्रहावरून मीही फोन केला. सगळं ऐकून त्याने विचारलं, "रंग कुठला म्हणालास?"

"गडद निळा."

"हं," तो म्हणाला. नंतर थोडं थांबून, "हे बघ, मी तुला काही बोललेलो नाही, बरं का!"

आणि खरंच तो काहीच बोललेला नव्हता. पण मी ते गल्लीत योग्य त्या वजनाने सांगितलं. त्यानंतर गाडीजवळून जाताना पुरुष टोप्या काढू लागले.

आता प्रश्न गाडी हलवण्याचा उरला नाही, तो गाडी जपण्याचा झाला. खोदकामाची धूळ बसू नये म्हणून ब्लागोयेच्या माणसांनी तिच्यावर ताडपत्री घातली. ताडपत्रीने रंगाला चरे पडतील म्हणून ती काढण्यात आली आणि भोवती कठडा उभारण्यात आला. कठड्यामुळे गाडीच्या मालकाला आत जाता येणार नाही, हे लक्षात येताच कठड्याला फाटक करण्यात आलं. इंजिनिअरसाहेबांनी अहवालात गाडीची नोंद 'अनिश्चित स्वामित्वाचा स्थिर घटक' अशी केली आणि नकाशात वाहिनीला तिथे एक डौलदार वळण दिलं. शेजारी शिंपी होता, त्याचं दार त्या वळणात सापडलं. आता त्याची गिऱ्हाइकं खिडकीतून मापं देतात आणि तो म्हणतो की असंच बरं, दारातून वारा तरी येत नाही.

वाहिनी वळवता आली, नळजोड मात्र वळवता येईना. तो होता तिथेच होता, मागच्या डाव्या चाकाखाली.

"अहो साहेब," देसांका इंजिनिअरांना म्हणाली, "सगळ्या गल्लीत पाणी आलं. माझंच तेवढं राहिलं."

"तांत्रिकदृष्ट्या तुमच्याकडेही आलंय," ग्वोझ्देन म्हणाले. "वाहिनी तुमच्या दारापर्यंत भरलेली आहे. फक्त जोडलेली नाही."

"मग पीठ तांत्रिकदृष्ट्या मळू का?"

"देसांकाबाई, थोडा संयम ठेवा. गाडी कुणाची आहे ते एकदा कळू दे."

"कळल्यावर काय कराल?"

"कळल्यावर," इंजिनिअरसाहेब गंभीरपणे म्हणाले, "तिला हात लावायचा नाही, याची खात्री होईल."

देसांका मग घरोघर गेली. सगळ्यांनी तिला बसवलं, कॉफी दिली, सगळे तिच्यासाठी हळहळले आणि घाई करू नकोस म्हणाले. माझ्याकडेही आली. मी तिला घरी गाळलेली राकिया ओतून दिली आणि म्हटलं, "देसांका, तुझं सगळं खरं आहे. पण जरा मोठा विचार कर. एवढा माणूस आपल्या गल्लीत गाडी लावतो, याचा उद्या गल्लीला फायदाच होईल."

"पोस्टमास्तर," ती म्हणाली, "माझी भट्टी गार पडलीय. लग्न होऊन आले तेव्हापासून ती कधी गार पडलेली मी बघितली नव्हती." पेल्याला तिने हातसुद्धा लावला नाही.

गल्लीला फायदा होईल हे फक्त माझंच मत होतं असं नाही. एका सकाळी वायपरखाली एक घडी केलेला कागद दिसला. कुणाच्या तरी पोराला विद्युत मंडळात चिकटवायचं होतं. दुपारी तिथे दुसरा कागद आला, गुडघ्याच्या ऑपरेशनच्या रांगेत नाव वर सरकवण्याबद्दल. मग पेन्शन, बांधावरचं अक्रोडाचं झाड, जावयाची बदली. लवकरच वायपरखाली कागद मावेनासे झाले आणि लोक अर्ज काचेच्या फटीतून आत सरकवू लागले. ज्यांना काहीच नको होतं त्यांनी नुसताच नमस्कार लिहून ठेवला, म्हणजे पुढे ओळख राहील.

शुक्रवारी पक्ष्यांनी गाडीवर घाण केली. कोपऱ्यावरच्या स्तामेंकामावशी, वय वर्षं ऐंशीच्या पुढे, बादली आणि मऊ फडकं घेऊन आल्या आणि गाडी स्वच्छ धुऊ लागल्या. दोन बादल्या झाल्या, तिसरी आणायला मुकादमाने त्यांना स्वतः मदत केली. देसांका बेकरीच्या दारात उभी राहून बघत होती. तिच्या हातात रिकामं घमेलं होतं.

"मावशी," ती म्हणाली, "हे पाणी कुठलं हो?"

"माझ्या नळाचं. आलंय ना आता, देव भलं करो त्यांचं."

"मी परवा मागितलं तर म्हणालात की नव्या नळावर ताण पडेल."

"अगं, तुला पिठाला हवं होतं. हे कामाचं आहे."

 देसांकाला मी ती लग्न होऊन आली तेव्हापासून ओळखतो, आणि तिच्या मानेवरची ती लाली बघून मी माझी खुर्ची दोन हात मागे घेतली.

त्याच दिवशी नगराध्यक्षही पाहणीला आले. त्यांची स्वतःची गाडी नेहमी चौकाच्या मधोमध उभी असते, त्यामुळे या विषयातलं त्यांना कळतं. निळ्या गाडीपुढे ते बराच वेळ उभे राहिले. आपल्याहून सरस काम बघितल्यावर कारागीर गप्प होतो, तसे ते गप्प झाले होते. मग काचेत बघून त्यांनी टाय सरळ केला, काम समाधानकारक असल्याचं जाहीर केलं आणि कठड्याला हिरवा रंग द्यायला सांगून चालत निघून गेले.

शनिवारी सकाळी आम्ही सगळे नेहमीप्रमाणे कठड्याशी कॉफी घेत उभे होतो. इंजिनिअरसाहेब, ब्लागोये आणि त्याची माणसं, मी, मावशी. बेकरीचं दार उघडलं. देसांका बाहेर आली. अंगावर पांढरा एप्रन होता, बाह्या वर केलेल्या होत्या. ती फाटकातून आत गेली, गाडीपाशी थांबली आणि तिने दाराची मूठ ओढली.

दार उघडलं.

त्याला कुलूपच नव्हतं. इतके दिवस गल्लीने त्या गाडीला काय काय केलं होतं! ताडपत्री घातली, कठडा बांधला, आंघोळ घातली. मूठ ओढून बघायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"देसांकाबाई!" इंजिनिअरसाहेबांनी हाक मारली. "काय करताय?"

देसांकाने सीटवरचा अर्जांचा ढीग उचलून मागे टाकला, आत बसली, ब्रेक सोडला, गियर काढला आणि खिडकीतून तोंड बाहेर काढून ओरडली, "कठडा काढा आणि ढकला!"

ब्लागोयेच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. ती सरकारी कामावरची माणसं होती. ज्या अर्थी ही इतक्या मोठ्याने ओरडते, त्या अर्थी हिला कुणीतरी तसं सांगितलेलं असणार, हे त्यांना तत्काळ उमगलं. त्यांनी कठडा बाजूला केला आणि ढकललं. गाडी कुरकुरली, फुटपाथवरून उतरली, थोडी मागे गेली. देसांकाने एकदा स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी रस्त्याच्या कडेला इतकी सरळ लागली, की नगरपालिकेच्या हद्दीत तशी सरळ गाडी आम्ही कधी पाहिली नव्हती. ती खाली उतरली. दार लावलं. फुलीकडे बोट दाखवलं.

"जोडा."

आकाश कोसळेल म्हणून आम्ही थांबलो. ते कोसळलं नाही. आणि मग, एकाच वेळी, आमच्या सगळ्यांच्या डोक्यात तोच एक प्रश्न आला. इंजिनिअरसाहेबांनी तो नम्रपणे विचारला.

"बाई, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"काय?"

"तुमच्या पाठीशी कोण आहे ते."

"माझ्या पाठीशी?" देसांका म्हणाली. "माझ्या पाठीशी गार पडलेली भट्टी आहे. खोदताय ना?"

इंजिनिअरसाहेब समजल्यासारखे हसले. फोनवर नको, तसंच हे रस्त्यातही नको, हे त्यांना पटलं होतं. खोदकामावर ते स्वतः उभे राहिले. संध्याकाळच्या आत देसांकाच्या नळाला पाणी आलं, रविवारी भट्टी पेटली आणि सोमवारी शाळेत पाव गेले. हेडमास्तर पैसे चुकते करायला जातीने आले आणि मोठ्या दुकानाचा विषय आपण गंमत म्हणून काढला होता, असं म्हणाले. तेव्हापासून लोक बुरेक घ्यायला येतात आणि पैशांबरोबर एक घडी केलेला कागद काउंटरवर ठेवतात. देसांका सांगते की अहो, मी कुणालाही ओळखत नाही. लोक मान डोलावतात. खऱ्या ओळखी असलेली माणसं असंच म्हणतात, हे आम्हाला ठाऊक आहे. कागदांनी ती भट्टी पेटवते.

आणि गाडी?

पुढच्या आठवड्यात एक बारकासा माणूस गल्लीत आला. हातात कापडी पिशवी, एक हात पोटावर. तो गल्ली वर गेला, खाली आला आणि शेवटी बेकरीत शिरून चाचरत म्हणाला, "ताई, इथे माझी गाडी होती हो. निळी." त्याचं नाव रादिवोय. पलीकडच्या गावात तो मधमाश्या पाळतो. त्या दिवशी गाडी चालवताना पोटात अशी कळ आली, की समोरचं दिसेना. हातून सुटली तिथे त्याने गाडी सोडली, कुलूप लावायचं भान नव्हतं, आणि भिंतीला धरधरून तो वरच्या चौकातल्या हॉस्पिटलापर्यंत चालत गेला. आमची ही गल्ली पार करून. रात्री त्याचं पित्ताशय काढलं. गाडी कुणाच्या वाटेत तर आली नाही ना, या काळजीने तो तिथे पडून होता. कुणी चांगल्या माणसाने ती नीट लावून ठेवली, त्याचे त्याला आभार मानायचे होते.

देसांकाने त्याला खुर्ची दिली, गरम पाव दिला. ऑपरेशन झालंय म्हणून लोणी लावलं नाही.

गल्लीने काय केलं? गल्लीचा हिरमोड झाला. इतके दिवस टोप्या काढल्या त्या एका मधवाल्यासाठी! इंजिनिअरसाहेबांना तर ते अजून पटलेलं नाही. पित्ताशय हे आपलं सांगायला, असं ते म्हणतात. मावशींना तीन बादल्यांचं वाईट वाटतं. माझा कूम म्हणतो की मी तुला तेव्हाच काही बोललो नव्हतो.

ही गोष्ट मी बऱ्याच जणांना सांगितली आहे, आणि सगळ्यांनी ती तुमच्यासारखीच ऐकली. खरं सांगा. गाडी वाकडी उभी आहे, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तुम्हीही तिच्यात कुणाला तरी बसवलंच असेल. एखादा मंत्री, एखादा कंत्राटदार, गेलाबाजार एखादा नगरसेवक. माझ्या ऐकणाऱ्यांपैकी आजवर एकानेही तिच्यात आजारी माणूस बसवलेला नाही.